शंभर नावांची यादी

'घरबसल्या स्वतःचा व्यवसाय' हे शब्द ऐकले की आपल्यातल्या बऱ्याचजणींचे कान टवकारतात. टवकारणारच. नोकरी मिळत नाही. मिळाली तर घरचे पाठवत नाहीत. पाठवलं तर मूल कुणी सांभाळायचं, सासूचं पथ्यपाणी कुणी बघायचं, हे प्रश्न उंबऱ्यात उभेच. अशा बाईला कुणी येऊन सांगितलं, की साहेब नाही, मस्टर नाही, शिक्षणाची अट नाही, भांडवलसुद्धा फारसं नाही, तुमच्या ओळखी हेच तुमचं भांडवल, तर तिनं ते ऐकूच नये असं कोण म्हणेल? मी तरी म्हणणार नाही. माझं भांडण त्या बाईशी नाही. तिच्या हातात कोरी वही देऊन 'पहिल्या आठवड्यात शंभर नावं लिहा' असं सांगणाऱ्या व्यवस्थेशी आहे.

मी कोल्हापुरात एका कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करते. मारहाण, संशय, दारू, पोटगी, मुलांचा ताबा अशा तक्रारी घेऊन बायका येतात. साखळी-विक्रीची तक्रार घेऊन सहसा कुणी येत नाही. ती दुसऱ्या तक्रारीच्या पोटातून निघते. नवरा मारतो, का मारतो, तर पैशाचा हिशेब लागत नाही. हिशेब का लागत नाही, तर पलंगाखाली डबे आणि बाटल्या भरून पडल्यात. जावेनं बोलणं सोडलंय, भावजय फोन उचलत नाही, बचतगटात तोंड दाखवायची चोरी झाली आहे. अशी एकजण मला म्हणाली, "ताई, पैसं गेलं ते मी सोसलो असतो. पन आता रात्री कुनाच्या दारात जायचं म्हटलं तर त्वांड न्हाई उरलं."

मला बोलायचं आहे ते या दाराबद्दल. नवऱ्यानं रात्री अकराला घराबाहेर काढलेली बाई पहिल्यांदा पोलीस चौकीत जात नाही, आमच्या केंद्रातही येत नाही. ती शेजारणीचं दार वाजवते. कायदे झाले, मदतीचे फोन नंबर झाले, तरी बहुतेकजणींचा पहिला आसरा अजून तेच दार आहे. ते दार विकायला काढण्याचं शिक्षण बायकांना पद्धतशीर दिलं जातं आहे, आणि वर त्याला स्त्रीचं सबलीकरण म्हटलं जातं आहे.

वही एकच

हे शिक्षण कसं चालतं ते पाहायला मी तीन सभांना बसले. एक स्टेशन रोडवरच्या हॉटेलच्या हॉलमध्ये, दुसरी राजारामपुरीत एका घरी, तिसरी मोबाइलवर. कंपन्या तीन, माल तीन तऱ्हेचा. कुठे पोषणाची पावडर, कुठे साबण आणि क्रीम, कुठे पाणी शुद्ध करायचं यंत्र. वही मात्र सगळीकडे एकच.

पहिलं काम म्हणजे यादी. नावं आठवत नसतील तर घरातली आहेराची वही काढा, असं चक्क सांगितलं जातं. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका, भिशीतल्या, शाळेच्या फाटकापाशी उभ्या राहणाऱ्या आया, माहेरच्या गल्लीतल्या मैत्रिणी. कुणालाही आधी गाळायचं नाही. या यादीतली बाई मग वहिनी, मावशी, शेजारीण राहत नाही. ती 'प्रॉस्पेक्ट' होते. म्हणजे गळाला लागू शकेल अशी.

दुसरं काम म्हणजे पारख. कुणाला कधी आणि कसं गाठायचं हे ठरवण्यासाठी तिच्याशी बोलत राहायचं. बोलण्याचा क्रमही ठरलेला. आधी घरचं विचारायचं, मग कामधंद्याचं, मग आवडीनिवडीचं, आणि शेवटी पैशाचं. ऐकायचं मात्र एकाच गोष्टीसाठी, तिला दुखतंय कुठं. नवऱ्याचं काम सुटलंय का? मुलीच्या कॉलेजची फी थकली आहे का? २०१९ च्या किंवा २०२१ च्या पुरात संसार गेला आणि कर्ज झालं का? सासरी आपल्याला किंमत नाही असं ती बोलता बोलता म्हणून गेली का? ते वहीत तिच्या नावापुढे लिहून ठेवायचं आणि योग्य वेळी त्यावरच बोट ठेवायचं.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हांलाही मुलाखतीचं तंत्र शिकवलं होतं. घाई करू नका, मध्येच तोडू नका, न बोललेलंही ऐका. पण त्याची पहिली अट अशी, की बाई जे सांगेल ते तिच्याच उपयोगासाठी वापरायचं आणि गुप्त ठेवायचं. इथे तंत्र तेच, अट तेवढी काढून टाकली आहे. बाईचं दुःख ऐकायचं ते तिला विकण्यासाठी!

तिसरं काम म्हणजे 'प्लॅन' दाखवणं. फोनवर काही सांगायचं नाही, कंपनीचं नाव तर मुळीच नाही. "घरी ये, तुझ्या फायद्याचं आहे," एवढंच. जमल्यास जोडप्यानं बोलवायचं, म्हणजे नंतर 'यांना विचारून सांगते' ही पळवाट राहत नाही. मग फळ्यावर वर्तुळं काढायची. वर्तुळात तू, तुझ्याखाली सहा, त्या सहांखाली छत्तीस. मग गाडीचे, बंगल्याचे, परदेशी सहलीचे फोटो. मग एक ताई उभ्या राहतात आणि सांगतात, मीही तुमच्यासारखीच साधी गृहिणी होते. तासाभराच्या सभेत मालाबद्दल दहा मिनिटंही कुणी बोलत नाही. साबण कसा आहे, किती रुपयांना आहे, त्याच पैशात दुकानात काय मिळतं, हे प्रश्न तिथे शोभत नाहीत.

कुणी म्हणेल, विकणं म्हटलं की गिऱ्हाईक पारखणं आलंच. बरोबर आहे. कपिलतीर्थ मंडईतली भाजीवालीही आपल्याला लांबून ओळखते. कोण घासाघीस करणार, कोण फक्त भाव विचारून पुढं जाणार, कुणाला उधार द्यायचं नाही, सगळं तिला ठाऊक असतं. पण ती पारखते ती आपली भाजीची गरज. घरात नवरा बोलतो की नाही याच्याशी तिला घेणं नसतं. भाजी समोर असते, भाव समोर असतो, आणि 'नको' म्हटलं की ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते. आपल्या गुळाच्या बाजाराचंही तसंच. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, तेव्हापासून कोल्हापूरचा गूळ उघड्या सौद्यात विकला जातो. गुळाची ढेप सगळ्यांसमोर असते, रंग आणि कण बघून बोली लागते. ज्या धंद्यात माल झाकलेला आणि गिऱ्हाइकाचं दुखणं उघडं, त्या धंद्याला आपल्या व्यापारी गावानं धंदा का म्हणावं?

'नाही' म्हणजे काय?

स्त्री-चळवळीनं इतकी वर्षं रक्त आटवून एक साधी गोष्ट सांगितली. बाई नाही म्हणाली, की त्याचा अर्थ नाही. या सभांत नेमकं उलटं शिकवलं जातं. 'नाही' म्हणजे तिला अजून माहिती हवी आहे. 'नाही' म्हणजे आत्ता नाही. 'नाही' म्हणजे दोन दिवसांनी पुन्हा फोन करा, आणि या वेळी वरच्या ताईंना फोनवर सोबत घ्या. आपल्या नकाराची ही विल्हेवाट एखाद्या पुरुषानं लावली असती तर आपण मोर्चा काढला असता. गोड आवाजाची बाई लावते म्हणून आपण ओशाळून गप्प बसतो.

आणि नाही म्हणणं सगळ्यांना सारखं सोपं नसतं. या कंपन्यांच्या माणसांना बचतगटाच्या अध्यक्षा फार प्रिय असतात, कारण एक अध्यक्षा मिळाली की तिच्यामागे दहा-बाराजणी आयत्या मिळतात. पण गटातल्या बाईनं अध्यक्षेला नाही कसं म्हणायचं? पुढच्या महिन्यात तिला कर्ज हवं असतं, आणि ते कुणाला आधी मिळावं यात अध्यक्षेचा शब्द चालतो. अंगणवाडीच्या ताईंना, मुलाच्या बाईंना, जिच्याकडे धुणीभांडी करतो त्या वहिनींना नाही कसं म्हणायचं? ज्यांच्यावर आपलं काहीतरी अवलंबून आहे त्यांनी पुढं केलेला अर्ज हा अर्ज नसतो, ती सक्ती असते. सभेतली माणसं तिला 'विश्वासाचं नातं' म्हणतात.

वर्तुळांचा हिशेब

आता फळ्यावरची वर्तुळं नीट मोजू या. एकीनं सहाजणी आणायच्या, त्या प्रत्येकीनं सहा. सहा, छत्तीस, दोनशे सोळा, असं करत सातव्या पायरीला २,७९,९३६ बायका लागतात. आठव्या पायरीला १६,७९,६१६. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साधारण साडेपाच लाख होती, पाळण्यातली बाळं आणि अंथरुणाला खिळलेले म्हातारे धरून. नवव्या पायरीला आकडा एक कोटीच्या वर जातो. अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा ३९ लाखांच्या आत होती. म्हणजे नवव्या पायरीच्या बायका कागल-करवीरमधून नाही, आकाशातूनच आणाव्या लागतील.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ही साखळी पुढच्या कुठल्याही पायरीवर थांबवून पाहा. सहाच्या हिशेबात शंभरातल्या त्र्याऐंशीजणी सगळ्यांत खालच्या पायरीवर असतात आणि त्यांच्याखाली कुणीच नसतं. त्या आळशी असतात म्हणून नाही, त्यांचा 'दृष्टिकोन' चुकीचा असतो म्हणून नाही. रचनाच तशी आहे. वरच्या चार-दोनजणी खरोखर कमावतात, हे मी नाकारत नाही. त्यांना सभेत उभं करतात ते खोटं नसतं. पण त्यांची कमाई ज्यांच्या खरेदीतून येते त्या त्र्याऐंशीजणींना कुणी उभं करत नाही.

आमच्या केंद्रात आलेल्या एका बाईबरोबर बसून मी तिची वही मांडली. नऊ महिन्यांत तिनं अठ्ठावीस हजारांचा माल घेतला होता. त्यातला बराचसा 'या महिन्याची पातळी टिकवायला' स्वतःच घेतलेला. कमिशन जमा झालं होतं एकोणीसशे रुपये. एसटीचं भाडं, सभांची तिकिटं, पाहुण्यांचा चहा आणि मोबाइलचा खर्च यांतला एकही आकडा तिनं कधी लिहिला नव्हता. शंभर नावं लिहायला शिकवणाऱ्यांनी तिला जमा-खर्चाची दोन पानं लिहायला शिकवलं नव्हतं. का शिकवावं? ती दोन पानं लिहिली असती तर ती तिसऱ्या महिन्यात बाहेर पडली असती.

हा माझा एकटीचा कांगावा नाही. ॲमवेनं १९९८ मध्ये भारतात विक्री सुरू केली आणि २००७ मध्ये आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयानं तिची योजना पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणाऱ्या १९७८ च्या कायद्यात बसते असं मत दिलं. एप्रिल २०२२ मध्ये अंमलबजावणी संचालनालयानं त्याच कंपनीच्या ७५७ कोटी रुपयांच्या मालमत्तेवर टाच आणली. त्या वेळी संचालनालयाचा आक्षेप असा होता, की कंपनीचा सगळा भर माल विकण्यापेक्षा सभासद होऊन श्रीमंत कसं व्हावं हे सांगण्यावर आहे. कंपनीनं सांगितलं की हा २०११ पासूनचा तपास आहे आणि आम्ही सहकार्य करत आलो आहोत. अमेरिकेत २०१६ मध्ये हर्बालाइफनं सरकारी व्यापार आयोगाशी तडजोड करून २० कोटी डॉलर भरले आणि पुढच्या वर्षी सुमारे साडेतीन लाख लोकांना परताव्याचे धनादेश गेले. तिथल्या आदेशाचा गाभा एवढाच होता, की मोबदला माणसं जोडण्यावर नको, बाहेरच्या खऱ्या गिऱ्हाइकाला झालेल्या विक्रीवर हवा. आपल्या कोल्हापुरात ए. एस. ट्रेडर्सच्या जादा परताव्याच्या आमिषाबद्दल २०२२ मध्ये गुन्हा नोंदला गेला. तिथे साबण-पावडर नव्हती, नुसता पैसा होता. प्रकार वेगळा, पण ओळखीच्या माणसाच्या शब्दावर पैसे देण्याची आपली सवय दोन्हीकडे वापरली जाते.

कायदा आपल्या बाजूनं काही बोलतो का? बोलतो, आणि ते आपल्याला पाठ हवं. डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम आले. पिरॅमिड योजनेला बंदी आहे. सभासद होण्यासाठी प्रवेश फी घेता येत नाही. विकणाऱ्या व्यक्तीनं ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, तिनं बोलायला सुरुवात करतानाच, समोरच्यानं विचारलं नाही तरी, स्वतःचं नाव, कंपनीचं नाव, माल कुठला आणि आपण कशासाठी आलो आहोत हे खरं खरं सांगायचं. म्हणजे 'घरी ये, तुझ्या फायद्याचं आहे' हे वाक्यच नियमात बसत नाही! पण यातही एक मेख आहे. नियम मोडताना पकडली जाणार ती खालच्या पायरीवरची आपली शेजारीण. असं शिकवणारा हॉटेलच्या हॉलमधून केव्हाच निघून गेलेला असतो, आणि कंपनी सांगते की असलं शिक्षण आम्ही दिलंच नाही.

'तूच कमी पडलीस'

धंदा बुडतो तेव्हा बाईला काय सांगितलं जातं? तू मनापासून केलं नाहीस. तू नकारात्मक विचार करतेस. तुझी स्वप्नं लहान आहेत. तुला मागे ओढणाऱ्या लोकांत तू राहतेस. हे शब्द मी रोज ऐकते, फक्त दुसऱ्या तोंडून. मार खाऊन आलेल्या बाईला सासू सांगते, तूच नीट वागली नसशील. नवरा सांगतो, तूच मला राग आणतेस. जिथे व्यवस्थेचा दोष बाईच्या स्वभावात शोधला जातो, तिथे पितृसत्तेची जुनीच भाषा चालू असते, मग ती नऊवारीत बोलो की कोट-टायमध्ये.

त्यांनी आपले शब्दही उचलले आहेत. स्वतःच्या पायावर उभं राहणं, स्वतःची ओळख, आर्थिक स्वातंत्र्य, भगिनीभाव. हे शब्द बायकांनी मोर्च्यांत, शिबिरांत घडवले. आता ते सेमिनारच्या पडद्यावर झळकतात. आणि 'घरबसल्या' हा शब्द पाहा. त्यात कुणाची सोय आहे? बाईनं उंबरा ओलांडायचा नाही, स्वयंपाक चुकवायचा नाही, नवऱ्यानं मूल सांभाळायचं नाही, पाळणाघर कुणी मागायचं नाही, आणि वर पैसेही आणायचे. घर जसंच्या तसं ठेवून बाईकडून दुप्पट काम काढणाऱ्या धंद्याला स्वातंत्र्य म्हणायला मी तयार नाही.

बाईचा दिवाणखाना आणि तिची नाती यांवर कंपन्या उभ्या राहिल्या, त्याला सत्तर वर्षं होऊन गेली. टपरवेअरचे डबे दुकानात खपत नव्हते. ब्राउनी वाइज या अमेरिकन बाईनं घराघरांत बायकांच्या बैठका भरवून ते विकून दाखवले आणि १९५१ मध्ये कंपनीनं सगळी विक्रीच तिच्या हाती दिली. १९५४ मध्ये 'बिझनेस वीक' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आलेली ती पहिली स्त्री. १९५८ मध्ये मालकानं तिला काढून टाकलं. कंपनीत तिचा एकही शेअर नव्हता, हातात पडला एक वर्षाचा पगार. शिखरावरच्या बाईचं हे झालं, तर कागलच्या सहाव्या पायरीवरच्या बाईचं काय होणार?

मग करायचं काय?

'हे करू नका' एवढंच सांगून आपली सुटका नाही. गरज खरी आहे. घरात बसून कष्टणाऱ्या बायका या जिल्ह्यात थोड्या नाहीत. कोल्हापुरी चपलेची वेणी घालणाऱ्या, हुपरीच्या चांदीकामात घरी बसून हात चालवणाऱ्या, मसाला कांडणाऱ्या, शेवया-सांडगे करणाऱ्या. यांना कुणी 'उद्योजिका' म्हणत नाही. नगावर मिळतील तेवढे पैसे घ्यायचे. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीनं आपल्या चपलेसारखीच चप्पल मिलानच्या प्रदर्शनात मांडली आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा सगळा महाराष्ट्र पेटून उठला. चांगलंच झालं. पण वेणी घालणाऱ्या बाईला एका जोडामागे किती मिळतात, हा प्रश्न त्या गदारोळात कितीजणांनी विचारला? घरी बसून काम करणाऱ्यांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९९६ मध्ये झाला. भारतानं तो अजून स्वीकारलेला नाही. खऱ्या घरकामगारणीला किमान मोबदला द्यायला कुणी तयार नाही, आणि खोट्या उद्योजिकेला हॉटेलात फेटा बांधला जातो!

खरा धंदा बायकांना जमत नाही असंही नाही. १९५९ मध्ये गिरगावात सातजणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचा लिज्जत झाला. तिथे पीठ घरी न्यायचं, पापड लाटून आणायचे, वजनावर मजुरी घ्यायची. नवी बाई आली की पापड वाढतात. तिला आणणारीला कमिशन मिळत नाही, आणि पापड विकत घेणाऱ्याला लिज्जतची सभासद व्हावं लागत नाही. कोल्हापुरातच कांचनताई परुळेकरांनी 'स्वयंसिद्धा' उभी केली आणि असंख्यजणींना वस्तू करायला आणि विकायलाही शिकवलं. हे सगळं सोपं नव्हतं, आणि सोपं आहे असं त्यांतल्या कुणी सांगितलंही नाही.

इथे आपल्या संघटनांनाही मला बोलायचं आहे. आपण बायकांना लोणची, पिशव्या, अगरबत्ती करायला शिकवतो, प्रमाणपत्र देतो आणि घरी पाठवतो. विकायचं कसं हे शिकवताना आपल्याला संकोच वाटतो. ती रिकामी जागा या कंपन्या भरतात. म्हणून गिऱ्हाईक पारखणं आणि माल दाखवणं, ही दोन्ही कामं आपणच शिकवायला हवीत, पण सरळ मार्गानं. कांदा-लसूण मसाला विकणाऱ्या बाईनं यादी करावी, जरूर करावी. पण नावापुढे तिनं दुखणं लिहू नये. या घराला महिन्याला मसाला किती लागतो, आज कुठून घेतात, कोणत्या भावानं घेतात, पैसे कोण देतं, एवढं लिहावं. जाताना पुडी उघडून वास द्यावा, वजन, किंमत आणि कांडल्याची तारीख सांगावी, आवडला नाही तर परत घेईन म्हणावं. 'नको' म्हटलं तर चहा पिऊन यावं. आणि आपल्या धंद्याची एकच परीक्षा ठेवावी. जी माझी नात्याची नाही, मैत्रीण नाही, जिला माझी भीड नाही, ती दुसऱ्या महिन्यात पुन्हा घेते का? घेत असेल तर तो धंदा. फक्त नणंद आणि भिशीवाल्याच घेत असतील, तर ती भीड आहे, आणि भीड फार महिने खपत नाही.

ज्यांच्या घरी उद्या कुणी 'प्लॅन' घेऊन येणार आहे त्यांनी पारख उलटी करावी. त्यांनी आपल्याला विचारायच्या आधी आपण त्यांना विचारावं:

कंपनीचं नाव आणि पत्ता काय? ओळखपत्र दाखवा.

सभासद न होता ही वस्तू मी नुसती विकत घेऊ शकते का? दुकानातल्या तशाच वस्तूपेक्षा किती महाग?

मी एकही बाई आणली नाही, फक्त माल विकला, तर महिन्याला किती मिळतील?

न खपलेला माल कंपनी परत घेते का, किती दिवसांत, आणि ते करारात कुठल्या ओळीत लिहिलं आहे? करार मोडायचा तर मुदत किती?

तुमची स्वतःची गेल्या सहा महिन्यांची जमा-खर्चाची वही दाखवाल का?

शेवटच्या प्रश्नावर बहुतेक सभा आटोपते. कुणी फसली असेल तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार पोहोचल्याचं कंपनीनं कामकाजाच्या ४८ तासांत कळवायचं आणि महिन्याभरात ती सोडवायची, असं नियमांत आहे. एकटीनं जाऊ नका, गटानं जा.

आणि गटांना आग्रहाची विनंती. पुढच्या मासिक बैठकीत ठराव करून इतिवृत्तात लिहून ठेवा, की गटाच्या बैठकीत आणि गटाच्या कर्जातून कुणीही साखळी-विक्रीची भरती करणार नाही, अध्यक्षाही नाही. त्याच बैठकीत जी फसली आहे तिला पहिल्या रांगेत बसवा. तिनं तुम्हांला सभेला नेलं असेल, पाचशेचा डबा गळ्यात मारला असेल, तुमचा राग खरा असेल. तरी तिला टाकू नका. कमिशन वरच्या पायरीला गेलं, तिला फक्त बदनामी मिळाली. तिनं तुमचं नाव यादीत लिहिलं कारण संकटात आठवावं असं तुमचंच नाव तिच्याकडे होतं. त्या नावाचा उपयोग कशासाठी करायचा हे ठरवण्याचा हक्क कुठल्या कंपनीला द्यायचा नाही, हे आता आपण साऱ्याजणींनी मिळून ठरवायचं आहे.